वादकाचे मोकळे हात : गिटारच्या विद्युत्-साधनांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

वाद्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा नाद निर्माण करणाऱ्या भागाकडे जाते. तार कोणत्या धातूची, पोकळी कशाची, पडदे किती, स्वरांतरे कोणती, यांचे विवेचन आपल्याकडील ग्रंथांतही विपुल आढळते. परंतु वादन चालू असताना नादाचा जोर किंवा रंग बदलावयाचा झाल्यास तो शरीराच्या कोणत्या अवयवाने बदलावयाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. तथापि ज्या वाद्यात दोन्ही हात आधीच गुंतलेले असतात, तेथे तो केवळ सोयीचा राहत नाही. वादकाने बसावे कसे, कोणत्या मंचावर वाजवावे आणि कोणते साधन त्याच्या उपयोगाचे ठरावे, हे सर्व त्यावर अवलंबून राहते.

गिटार हे असे वाद्य आहे. उभ्या धरलेल्या गिटारीवर डावा हात पडद्यांवर तारा दाबतो व उजवा त्या छेडतो. मांडीवर आडव्या ठेवलेल्या हवाइयन गिटारीवर डाव्या हातात पोलादी कांडी असते व उजव्या हाताच्या बोटांत नख्या. दोन्ही प्रकारांत तिसरे काम करावयास हात उरत नाही. विजेवर चालणाऱ्या गिटारीच्या नादावर संस्कार करणारी जी साधने विसाव्या शतकात निर्माण झाली, ज्यांना वादक सरसकट ‘इफेक्ट’ म्हणतात, त्यांच्या रचनेत या अडचणीचा मोठा वाटा आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या रेल्वेने एकत्र गुंफलेल्या गावांत हा प्रश्न अभ्यासावयास विशेष अनुकूल भूमी आहे. येथे संगीताच्या दोन बैठकी शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. एक, सतरंजीवरील मैफलीची. कल्याण गायन समाजाची स्थापना १९२६ साली झाली. संगीत रंगभूमी व ख्यालगायन या दोहोंत नाव मिळविलेले पंडित राम मराठे (१९२४-१९८९) ठाण्यात राहिले. दुसरी, गणेशोत्सवातील व नाट्यगृहातील ऑर्केस्ट्राची, जेथे गिटारवाला उभा असतो किंवा खुर्चीवर बसतो. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झाले आणि त्याच रंगमंचावर या दोन्ही परंपरा आळीपाळीने येऊ लागल्या. जमिनीवर मांडी घालून बसणारा वादक आणि पाय मोकळे असलेला वादक यांतील भेद मनात ठेवून गिटारच्या एका इफेक्टचा, म्हणजे हात न लावता चालणाऱ्या ‘वा-वा’चा, इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा इतिहास सामान्यतः प्रगतीचा एक सरळ रस्ता म्हणून सांगितला जातो : आधी हाताने फिरवावयाचे बटण, नंतर पायाने दाबावयाचे पेडल, शेवटी आपोआप चालणारे मंडल. आमच्या मते हे चित्र अपुरे आहे. हात मोकळा करण्याच्या प्रत्येक युक्तीने वादकाकडून काही ना काही मोबदला घेतला आहे. आणि तो मोबदला कोणता, हे वादकाच्या बैठकीवरून ठरले आहे.

२

महाराष्ट्रात या प्रश्नाची पहिली उत्तरे विजेपूर्वीची आहेत. ती पेटीच्या इतिहासात सापडतात. युरोप-अमेरिकेतून आलेल्या पायपेटीत व ऑर्गनमध्ये भाता पायांनी चालतो, त्यामुळे दोन्ही हात कळपट्टीवर राहतात. मात्र त्यासाठी वादकास खुर्चीवर किंवा स्टुलावर बसावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी जी हातपेटी रूढ केली, तिने याच्या उलट तडजोड केली. भाता मागच्या बाजूस आला, तो डाव्या हाताने चालू लागला व सुरांसाठी एकच हात उरला. हार्मोनियम जमिनीवर उतरला तो एका हाताच्या किमतीवर, असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात त्या हाताचा व्यय फुकट गेला नाही. भात्यावरील दाब कमीजास्त करून सुराचा जोर क्षणोक्षणी बदलता येऊ लागला, आणि गायकाच्या साथीला नेमके तेच हवे होते.

मराठी संगीत रंगभूमीने दोन्ही पर्याय वापरले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने जी परंपरा सुरू झाली, तिच्या पुढच्या काळात, विशेषतः १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवकाळात, रंगमंचासमोरील साथीत ऑर्गनला मानाचे स्थान मिळाले. नाट्यगृहात साथीदार खुर्चीवर बसू शकत असे. म्हणून तेथे पायाने चालणारे वाद्य टिकले. घरगुती बैठकीत व कीर्तनात मात्र हातपेटीच राहिली. वाद्याची निवड केवळ नादाच्या आवडीने झाली नाही, आसनानेही झाली, हे येथे स्पष्ट दिसते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आणखी एक गोष्ट अशी की, अनेक रीड ऑर्गनांना कळपट्टीखाली गुडघ्याने बाजूस ढकलावयाचा एक दांडा असे. पाय भात्यात गुंतलेले, हात कळांवर गुंतलेले. तेव्हा नादाचा जोर वाढविण्याचे काम गुडघ्याकडे आले. वाद्य घडविणाऱ्याने मोकळा अवयव शोधला आणि त्याला काम दिले. पुढील विद्युत्-वाद्यांच्या रचनेत हीच विचारसरणी पुन्हा दिसते.

३

फ्रान्समधील काँस्तां मार्तँ यांनी १९४७ च्या सुमारास क्लॅव्हिओलिन नावाचे छोटे विद्युत्-वाद्य तयार केले. व्हॉल्व्हवर चालणारे हे वाद्य एका वेळी एकच स्वर देई. त्याची लहानशी कळपट्टी पियानोच्या पट्टीखाली बसविता येई, आणि जोर बदलण्यासाठी तिच्याखाली गुडघ्याचा दांडा असे. ऑर्गनची युक्ती विजेच्या वाद्यात जशीच्या तशी आली होती.

हे वाद्य मुंबईत पोहोचले आणि १९५४ सालच्या ‘नागिन’ या चित्रपटात त्याने घर केले. संगीतकार हेमंतकुमार; क्लॅव्हिओलिन वाजविणारे कल्याणजी वीरजी शहा, जे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतील संगीतकार म्हणून प्रसिद्ध झाले; आणि सोबत हार्मोनियमवर रवी. श्रोत्यांनी जी पुंगी म्हणून ऐकली व गल्लोगल्ली गुणगुणली, ती वस्तुतः व्हॉल्व्हच्या मंडलातून निघालेली होती.

या उदाहरणाचा उल्लेख बहुधा ‘हिंदी चित्रपटातील पहिले विद्युत्-वाद्य’ अशा कौतुकाने केला जातो. आपण त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहू. खऱ्या पुंगीत गारुड्याचे दोन्ही हात भोकांवर असतात आणि नादाचा जोर श्वासाने सांभाळला जातो. म्हणजे तोंड हाच तेथे तिसरा हात होय. क्लॅव्हिओलिनवर नादावर ताबा ठेवण्याचे काम गुडघ्याकडे सोपविता येत असे. अनुकरण केवळ नादाचे होऊन भागत नाही. फुंकीच्या वाद्याचा आभास उत्पन्न करावयाचा तर सुराचा जोर सतत हलता ठेवला पाहिजे. आणि तसा तो हलता ठेवावयास हाताव्यतिरिक्त एक अवयव मोकळा हवा. ज्या वाद्याच्या घडणीत ही सोय आधीच केलेली होती, त्यालाच पुंगीची भूमिका मिळाली, ही गोष्ट आकस्मिक मानता येत नाही.

तोंडाचा हा मार्ग गिटारीच्या इतिहासातही येऊन गेला आहे. अमेरिकेत १९३९ च्या सुमारास अ‍ॅल्व्हिनो रे या पोलादी गिटारच्या वादकाने आपल्या वाद्याचा विद्युत्-संकेत पत्नी लुइझ किंग हिच्या गळ्याशी लावलेल्या साधनाकडे नेला. ती ओठ हलवी आणि गिटार बोलल्याचा भास होई. पुढे १९७० नंतर नळीतून गिटारचा नाद वादकाच्याच तोंडात नेणारा ‘टॉक बॉक्स’ प्रसिद्धीस आला. दोन्हींत हात मोकळे राहतात, परंतु तोंड गुंतते. जो वादक स्वतः गातो त्याला हा सौदा परवडत नाही.

४

आता पायाकडे वळू. विजेच्या गिटारचा व्यापारी जन्म १९३१-३२ च्या सुमारास झाला तो मांडीवरच्या हवाइयन गिटारीच्या रूपाने. रिकनबॅकर या नावाशी निगडित असलेली ती पहिली गिटार आडवी ठेवून कांडीने वाजवावयाची होती. उभी धरलेली विजेची गिटार लोकप्रिय झाली ती नंतर. वादक उभा राहिला तेव्हा त्याचे दोन्ही पाय मोकळे झाले, आणि साधने बनविणाऱ्यांना कामास लावण्याजोगा अवयव आयता मिळाला.

१९६६ साली अमेरिकेतील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या अभियंत्याच्या हातून वा-वा पेडल आकारास आले. ध्वनिवर्धकावर मध्यम कंपनसंख्यांचा पट्टा उचलून धरणारे एक मंडल होते. त्यातील एक पट्टा निवडण्यासाठी असलेल्या स्विचऐवजी सलग फिरणारा पॉट बसविण्याचा प्रयत्न चालला होता. पॉट फिरविताना नादात मानवी स्वरासारखी, ‘वा’ या उच्चाराजवळची हालचाल होते असे आढळले, आणि तो पॉट ऑर्गनच्या पायाने दाबावयाच्या पेडलच्या खोक्यात बसविण्यात आला. १९६७ च्या फेब्रुवारीत या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला व १९७० साली ते मिळाले. ऑर्गन बनविणाऱ्या कंपनीतच हे घडावे, यात आपल्या विवेचनाला पोषक असा धागा आहे : पायाने नाद वळविण्याची सवय ऑर्गनकडून गिटारीकडे आली.

याच १९६७ साली भारतात एक वेगळी घटना घडली. ब्रिजभूषण काबरा (गिटार), शिवकुमार शर्मा (संतूर) व हरिप्रसाद चौरसिया (बासरी) यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. काबरा गिटार आडवी ठेवून, जमिनीवर बसून, रागसंगीत वाजवीत. एकाच काळात एकीकडे गिटार उभ्या वादकाच्या पायाशी जोडली जात होती, तर दुसरीकडे ती पाय दुमडून बसणाऱ्या वादकाच्या मांडीवर स्थिरावत होती. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा या नावाने जे वाद्य जगापुढे आणले व ज्याला १९९४ साली ग्रॅमी पुरस्काराचा मान लाभला, तेही याच बैठकीचे.

मांडी घातलेल्या वादकास पायाचे पेडल निरुपयोगी आहे, हे उघड आहे. परंतु येथे एक आक्षेप संभवतो व त्याचा विचार करणे प्राप्त आहे. रागसंगीताच्या वादकाने वा-वा घेतला नाही याचे कारण आसन नसून सौंदर्यदृष्टी आहे, असे कोणी म्हणेल. कांडीने काढलेली मींड हीच त्याची बोलकी हालचाल. नादाचा रंग प्रत्येक स्वराला बदलणे त्याला अप्रस्तुत वाटेल. हा आक्षेप बराचसा खरा आहे. तथापि तो सर्व क्षेत्र व्यापत नाही. सुगम संगीताच्या बैठकीत, भावगीतांच्या साथीत, किंवा घरी सरावास बसलेल्या हौशी वादकाच्या बाबतीत नादाचा रंग बदलण्यास सौंदर्यदृष्टीचा अडसर नसतो. तेथे अडसर आसनाचाच असतो. १९७० नंतरच्या हिंदी चित्रपटगीतांत वा-वा गिटारचा नाद ऐकून तो वाजवू पाहणाऱ्या वादकाला पेडल मिळालेच तर खुर्चीही लागत होती. म्हणून या दोन कारणांपैकी एक निवडण्याऐवजी कोणत्या मंचावर कोणते कारण प्रबळ होते, असे विचारणे अधिक योग्य होईल.

५

पायही मागू नये आणि तोंडही मागू नये, असे साधन १९७२ साली आले. अमेरिकेतील म्युझिट्रॉनिक्स या संस्थेचे ‘म्यू-ट्रॉन तीन’ हे ते साधन. त्याचे रचनाकार माइक बायगेल. यात वादकाच्या कोणत्याही अवयवाला नवे काम दिलेले नाही. छेडलेल्या स्वराचा जोरच फिल्टरला हलवितो. तार जोराने छेडली की नादाचा उजळ पट्टा वर सरकतो, नाद विरू लागला की तो खाली उतरतो. एक स्विच बदलला की ही दिशा उलट होते. स्टीव्ही वंडर यांच्या १९७३ सालच्या ‘हायर ग्राउंड’ या गीतात क्लॅव्हिनेट या कळपट्टीच्या वाद्यावर या साधनाचा परिणाम ऐकावयास मिळतो.

या साधनाचे तत्त्व साध्या सुट्या भागांनी उभे करता येते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ते एकदा उभे करून पाहणे उपयुक्त आहे. मंडलाचे तीन भाग असतात.

पहिला भाग फिल्टरचा, म्हणजे नादाच्या गाळणीचा. जुन्या वा-वा मंडलात ५०० मिलिहेन्रीच्या आसपासची एक कॉइल आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर ही जोडी असते. या जोडीची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदास सुमारे २२५० येते. ट्रॅन्झिस्टरच्या साहाय्याने त्या कंडेन्सरचा परिणाम अनेकपटींनी वाढल्यासारखा करता येतो. तो पंचवीसपट झाला तर कंपनसंख्या पाचपटीने उतरून ४५० च्या घरात येते, कारण ती कंडेन्सरच्या मूल्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ४५० ते २२५० हा पट्टा मानवी मुखातील स्वरांना ओळख देणाऱ्या पट्ट्याशी बराच जुळतो; म्हणूनच ही हालचाल कानाला उच्चारासारखी वाटते. पायाच्या पेडलमध्ये या दोन टोकांमधील प्रवास पॉट फिरवून होतो.

दुसरा भाग जोर मोजण्याचा. गिटारचा संकेत दोन वाटांनी नेतात. एक वाट फिल्टरकडे जाते, दुसरी एका छोट्या वर्धकाकडे. तेथे तो सुमारे शंभरपट मोठा करून डायोडमधून एका कंडेन्सरमध्ये साठविला जातो. कंडेन्सर १ मायक्रोफॅरडचा व त्याला रिकामा करणारा रेझिस्टर २२० किलोओहमचा घेतला, तर त्यांचा गुणाकार ०.२२ सेकंद येतो. म्हणजे साठलेला दाब एवढ्या वेळात मूळच्या एकतृतीयांशाहून थोडा अधिक उरतो. अशा रीतीने नादाच्या शेकडो कंपनांचा तपशील गाळला जाऊन केवळ त्याच्या जोराचा चढउतार शिल्लक राहतो. एलएम ३५८ या स्वस्त चकतीत दोन वर्धक असतात व ती ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. एक वर्धक संकेत मोठा करावयास व दुसरा पुढील दिव्याला वीज द्यावयास पुरतो.

तिसरा भाग या दोहोंना जोडणारा. दुसऱ्या वर्धकापासून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एक एलईडी जोडतात आणि तिच्यासमोर एक एलडीआर, म्हणजे उजेड पडला की ज्याचा विद्युत्-रोध घटतो असा कॅडमियम सल्फाइडचा तुकडा, ठेवतात. दोन्ही काळ्या नळीत बंद करतात. फिल्टरमधील पॉटची जागा हा एलडीआर घेतो. तार जोराने छेडावी, दिवा उजळावा, रोध उतरावा व फिल्टर सरकावा, असा हा क्रम आहे. पॉटच्या कोणत्या बाजूस एलडीआर जोडला यावर फिल्टर वर सरकेल की खाली, हे ठरते. म्यू-ट्रॉन तीनमध्येही प्रकाशाचा असाच दुवा वापरलेला होता. तेव्हा ही गरिबांची नक्कल नसून मूळ तत्त्वच आहे. त्याही आधी १९६० नंतरच्या दशकातील फेंडर कंपनीच्या काही ध्वनिवर्धकांत निऑनचा दिवा व प्रकाशाला संवेदनशील रोध यांच्या जोडीने नाद लहरता ठेवला जात असे.

६

रचना उभी केल्यावर अभ्यासकाला ज्या गोष्टी कळतात, त्या पेटंटच्या मजकुरातून सहसा कळत नाहीत. पहिली गोष्ट काळाविषयी. एलडीआर उजेडात जितक्या लवकर प्रतिसाद देतो तितक्या लवकर अंधारात परत जात नाही. हा त्याचा दोष मापनयंत्रात खटकेल. येथे मात्र तो नादाच्या विरण्याशी जुळतो आणि फिल्टर हलकेच उतरतो. एका उपयोगात दोष ठरणारा गुण दुसऱ्या उपयोगात वाद्याचा स्वभाव बनतो.

दुसरी गोष्ट परिसराविषयी. काळी नळी नीट बंद झाली नाही तर बाहेरचा उजेड आत शिरतो. आपल्या घरातील वीजप्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्यामुळे जुन्या धर्तीची ट्यूबलाइट सेकंदास १०० वेळा मंद व तेजस्वी होते, आणि तिची थरथर नादात उतरू शकते. दिवसा निर्दोष चालणारे साधन संध्याकाळी का गुणगुणते, याचे उत्तर अशा वेळी छतावरच्या दिव्यात असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा तिच्यावर उभा आहे. हे साधन हात मोकळे ठेवते असे आपण म्हणतो. परंतु ते वस्तुतः हातालाच दुसरे काम देते. पायाच्या पेडलवर नादाचा जोर व नादाचा रंग या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. वादक जोराने छेडूनही नाद गडद ठेवू शकतो, किंवा हळुवार छेडून तो उजळ करू शकतो. ऑर्गनच्या गुडघ्याच्या दांड्यावरही स्वर व जोर स्वतंत्र असतात. आपोआप चालणाऱ्या मंडलात मात्र ही स्वतंत्रता जाते. जोर आणि रंग एकाच छेडीला बांधले जातात. जोराने वाजविले की नाद उजळणारच. दिशा उलटी केली तर तो गडद होणारच. वादकाला आपली छेड नव्याने शिकावी लागते. एरवी ज्या असमान छेडी कानाला जाणवत नसत, त्या आता प्रत्येक स्वराच्या वेगळ्या रंगाने उघड्या पडतात. अशा वेळी संकेताचा जोर ठरविणारा पॉट वादकाच्या हाताला जुळवून घ्यावा लागतो, आणि दुसऱ्याच्या हातात गिटार गेली की तो पुन्हा जुळवावा लागतो.

येथे हातपेटीची आठवण होणे साहजिक आहे. जमिनीवर बसण्याच्या बदल्यात तिने एक हात घेतला. क्लॅव्हिओलिनने गुडघा घेतला, टॉक बॉक्सने तोंड घेतले, वा-वाने पाय व त्याबरोबर उभे राहणे किंवा खुर्ची घेतली. म्यू-ट्रॉनच्या तत्त्वाने कोणताही अवयव घेतला नाही. त्याने जोर व रंग यांची परस्परांपासूनची मोकळीक घेतली. म्हणून ही साधने एकाच रस्त्यावरील मागचीपुढची ठाणी नाहीत. ती निरनिराळ्या बैठकींसाठी केलेले निरनिराळे व्यवहार आहेत. १९७२ नंतर पायाचे पेडल मागे पडले नाही, ते आजही बनते व वापरले जाते, ही वस्तुस्थितीही या अनुमानाशी सुसंगत आहे. आणि मांडी घालून बसणाऱ्या वादकाच्या दृष्टीने पाहिले तर या सर्वांत शेवटचा व्यवहारच त्याला त्याच्या जागेवरून न उठविता करता येण्याजोगा आहे.

७

शेवटी साधनांचा इतिहास कशावरून लिहावयाचा, या प्रश्नाकडे येणे आवश्यक आहे. वर दिलेली सनावळी पेटंट, कंपन्या व ध्वनिमुद्रिका यांच्या आधारे उभी आहे. तिच्यात मुंबई येते ती चित्रपटाच्या श्रेयनामावळीमुळे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येत नाहीत. याचा अर्थ तेथे काही घडले नाही असा घेणे धोक्याचे आहे. १९९१ च्या आर्थिक धोरणापूर्वी परदेशी मालाच्या आयातीवर परवान्यांचे व जकातीचे कडक निर्बंध होते. परदेशी पेडल सामान्य वादकाच्या आवाक्यात नव्हते. उलट रेझिस्टर, कंडेन्सर, ट्रॅन्झिस्टर हे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुट्या नगाने मिळत असत. आणि रोज गाडीने मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्याला ते परतीच्या वाटेवर पिशवीत टाकून आणणे कठीण नव्हते. वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतीमुळे डाख देणारे, तारा जोडणारे, मंडल वाचणारे हात या परिसरात आले. रेडिओ दुरुस्त करणारे दुकान तर प्रत्येक गावात होते. गरज होती, साहित्य होते, कसब होते. या तिन्हींच्या संयोगातून काय निर्माण झाले, याची नोंद करण्याचे काम मात्र कोणत्याही पेटंट कचेरीचे नव्हते.

घरी केलेल्या साधनावर नाव नसते. ते पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात बसविलेले असते. त्याचा आराखडा वहीच्या पाठीमागच्या पानावर असतो. आणि वादकाने वाजविणे सोडले की डबा भंगारात व वही रद्दीत जाते. परदेशी पेडल जुने झाले की त्याची किंमत वाढते. घरगुती डब्याची किंमत मुळात कोणी मांडलेली नसल्यामुळे तो जपण्याचे कारण कोणास दिसत नाही. अशा रीतीने जे विकत घेतले त्याचा पुरावा टिकतो आणि जे घडविले त्याचा पुरावा नष्ट होतो. या पुराव्याच्या आधारे लिहिलेला इतिहास आपल्या समाजाला केवळ ग्राहक म्हणून चितारील, आणि तो दोष समाजाचा नसून पुराव्याच्या निवडीचा असेल.

यास्तव आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक दिशा नम्रपणे सुचवावीशी वाटते. ऑर्केस्ट्रात वाजविलेले वादक, रेडिओ व ध्वनिक्षेपक दुरुस्त करणारे कारागीर, गणेशोत्सव मंडळांचे जुने हिशेब आणि कार्यक्रमांची हस्तपत्रके ही या विषयाची साधनसामग्री आहे. एखादा डबा हाती लागलाच तर तो केवळ छायाचित्रित करून थांबू नये. तो उघडावा, कोणता भाग कोठे जोडला आहे याचा आराखडा काढावा, भागांवरील खुणा व मूल्ये उतरून घ्यावीत, आणि शक्य असल्यास त्याची प्रतिकृती करून वाजवून पाहावी. वादकास विचारावयाचे प्रश्नही ‘हा कोणत्या कंपनीच्या साधनासारखा होता’ एवढ्यावर संपू नयेत. तो वाजविताना तुम्ही कोठे बसत होता, पाय कोठे होते, कोणता अवयव मोकळा होता, छेड बदलावी लागली काय, असे विचारले तर उत्तरांतून मंडलाची रचनाच नव्हे तर तिचे कारणही हाती येईल.

ऑर्गनवरील गुडघ्याचा दांडा आणि काळ्या नळीतला एलडीआर यांत काळाचे व तंत्राचे मोठे अंतर आहे. तरी दोन्हींमागील प्रश्न एकच आहे, आणि तो वादकाच्या शरीराविषयीचा आहे. तो प्रश्न विचारूनच आपल्या परिसरातील ही साधने समजून घेता येतील; मात्र ज्यांच्या हातांनी ती घडविली त्यांना तो विचारण्याचे काम, ते हात आहेत तोवरच होणे शक्य आहे.